ड्रम केवढा, पाखरू केवढं

मागच्या अंकात आम्ही कोळशाच्या धुंगाराबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, बहिणींचे प्रश्न सुरू झाले. धुंगार दिल्यावर अख्खी कोंबडी शिजते का? परदेशातून आलेली मंडळी ड्रममध्ये लाकडाच्या धुरावर टर्की करतात, ती आपल्या अंगणात जमेल का? आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, पंधरा-वीस माणसं असतील तर किती किलोची आणावी? खरी गोम याच प्रश्नात आहे. माणसं मोजून पाखरू आणायचं ही आपली जुनी सवय. आम्हीही तेच केलं आणि तोंडघशी पडलो. म्हणून आज आधी आमची फजितीच सांगतो. माप त्यातूनच निघेल.

आम्ही दोघी जावा. घर पोहरादेवीला, घराला लागूनच बांगड्यांचं दुकान. रामनवमीच्या यात्रेत इथं पाय ठेवायला जागा नसते, सेवालाल महाराजांच्या समाधीला देशभरातून तांडेच्या तांडे येतात आणि आमच्या घरी त्या दिवसांत चूल पेटवायलाही सवड नसते. म्हणून पाहुण्यांना आम्ही हिवाळ्यात बोलावतो. गेल्या डिसेंबरात अमेरिकेहून आमचे धाकटे दीर मुलाबाळांसह आले. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आसपास हलाल दुकानांतही टर्कीसाठी नंबर लागतात म्हणे, आणि हे दरवर्षी घरामागे धुरावर ती भाजतात. मुलांनी दादा-दादींना तीच खाऊ घालायची असा हट्ट धरला.

अम्मींचा पहिला प्रश्न होता, हे पाखरू आपल्यात चालतं का? चालतं. टर्की दाणे-किडे टिपते, पंजांनी शिकार करत नाही, आणि बहुतेक उलमांनी ती जायजच सांगितली आहे. दुसरा प्रश्न, ही नवी फॅशन कशाला? त्यावर दिरांनी बादशहा जहांगीरचं नाव काढलं. १६१२ साली मुकर्रब खान गोव्याहून बादशहासाठी काही नवलाईचे प्राणी घेऊन आला, त्यात टर्की होती. बादशहाने तिचं वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरने तिचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज तिला ‘पेरू’ म्हणतात. तुर्कस्तानातले लोक मात्र तिला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडची! अम्मींना हे पटलं की नाही कोण जाणे, पण बादशहाच्या घरचं पाखरू म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. “मग चांगलं दिसेल असं आणा,” म्हणाल्या.

इथंच घसरलो. दारव्ह्याकडे एकाने कोंबड्यांबरोबर चार-सहा टर्की पाळल्यात असं कळलं होतं. त्याच्याकडे लहान माद्या होत्या आणि एक नर होता, पिसारा फुलवून अंगणभर मिरवणारा. जेवायला चौदा माणसं. आम्ही नराकडे बोट दाखवलं. जिवंत वजन अकरा किलो. महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजले. जबह करताना त्याला धरायला दोन जण लागले. पिसं, आतडी, पाय, डोकं काढून पाखरू भरलं साडेआठ किलो.

घरी आणल्यावर पहिली अडचण फ्रीजची. आमचा फ्रीज १९० लिटरचा. सगळ्या जाळ्या काढल्या, दुधाची पातेली शेजारी ठेवायला दिली, तरी दार लागेना. हिवाळा आहे, रात्री गार पडतं, म्हणून मीठ-मसाला चोळलेलं पाखरू मोठ्या डेगीत झाकून ओसरीत ठेवलं. विदर्भातली डिसेंबरची रात्र अंगावर रजई घ्यायला लावते हे खरं, पण ती फ्रीज नव्हे. पारा दहा-बारा अंशांवर असला की मांसाला ती गरमच.

दुसरी अडचण ड्रमची. दिरांनी तेलाचा दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम आडवा कापून, बिजागऱ्या लावून, मध्ये जाळी टाकून चांगली भट्टी केली होती. असा ड्रम आडवा केला की रुंदीला दोन फुटांहून थोडा कमी भरतो. जाळी मध्यावर, म्हणजे वर झाकणाच्या कमानीत जागा फूटभराच्या आतच. आमच्या नराची छाती झाकणाला टेकली. झाकण दोन बोटं उघडं राहिलं, तिथं विटेचा तुकडा लावला. त्या फटीतून सगळी ऊब बाहेर. निखारे वाढवले की खालची कातडी करपायची, कमी केले की ड्रम निवायचा.

सकाळी सातला चढवलं होतं. पाहुणे मंडळी मुलांना घेऊन नंगारा म्युझियम बघायला गेली (पोहरादेवीतलं हे बंजारा विरासत म्युझियम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं, आलात तर जरूर बघा). जोहरची नमाज झाली की जेवण, म्हणजे दोन वाजता, असं सगळ्यांना सांगून ठेवलं. दोन वाजता पाखरू वरून इतकं सुंदर दिसत होतं की विचारू नका. तांबूस, चकचकीत, धुराच्या वासाने अंगण भरलेलं. दिरांनी मांडीच्या आतल्या बाजूला थर्मामीटर खुपसला. ५२ अंश. पाहिजे होते ७४.

आणि त्याच वेळी आत अब्बांना घाम फुटला. अब्बांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, जेवणाआधी ते इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात. आम्ही दोन म्हटलं म्हणून त्यांनी दीडला घेतलं होतं. अडीच वाजले तरी ताट नाही. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा थोडी, मग दोन केळी. अल्हम्दुलिल्लाह, अर्ध्या तासात ते सावरले. पण तो अर्धा तास आम्ही दोघी अजून विसरलो नाही. ज्या घरात इन्सुलिन घेणारं माणूस आहे, त्या घरात ‘जेवण बहुतेक दोनला’ हे वाक्य बोलूच नये. ताट समोर आल्यावरच इंजेक्शन घ्यायला सांगावं, किंवा त्यांच्यापुरतं साधं जेवण आधीच तयार ठेवावं.

सावरल्यावर अब्बांनीच पाखराचा विषय काढला. बाहेर तोवर वाद सुरू होता. अम्मी म्हणत होत्या, तुकडे करून कुकरला लावा, शिट्ट्या होऊ द्या, सालन होईल, अल्लाहने दिलेलं अन्न फेकायचं नसतं. दीर म्हणत होते, हे कुणाच्याही ताटात जाणार नाही. अब्बांनी एवढंच विचारलं, “रात्रभर कुठं होतं ते?” ओसरीत, म्हटलं. “मग पुरा.”

पुरलं. साडेआठ किलोचं पाखरू, शेताच्या बांधाला, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल. शेजारच्या तांड्यातल्या काकू सकाळपासून आमच्या अंगणातला धूर बघत होत्या. तीन वाजले तरी जेवणाची गडबड ऐकू येईना म्हणून त्या विचारायला आल्या, आणि अर्ध्या तासाने ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा घेऊन परत आल्या. आम्ही अंडी परतली. चौदा माणसं त्यावर जेवली.

अन्न फेकणं इस्राफ आहे, हे आम्हालाही कळतं. पण कुकरला लावलं असतं तर चाललं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी कारण सांगायला हवं. मांसात जंतू वाढतात ते साधारण ४ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान. पाखरू फ्रीजबाहेर आल्यापासून आतपर्यंत ६० अंश पार होईतो चार तासांच्या वर जाऊ नयेत असा नियम पाळतात. आमचं पाखरू रात्रीपासून त्याच पट्ट्यात होतं आणि दुपारी दोनलाही त्यातून बाहेर आलं नव्हतं. नंतर उकळलं तर जंतू मरतात, पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष उकळूनही जात नाही. घरात सत्तरीचे अब्बा, चार वर्षांचं पोर. इस्राफ पुरताना झाला नाही, तो नराकडे बोट दाखवलं तेव्हाच झाला होता.

पुढे दिरांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली ती आम्हाला फार आवडली. हाच प्रश्न तिथल्या गृहिणींना नव्वद वर्षांपूर्वी पडला होता. कुटुंबं लहान होत चालली होती, घरातल्या भट्ट्या आणि फ्रीज लहान, आणि बाजारातली टर्की मात्र अवाढव्य. तेव्हा त्यांच्या सरकारी शेतीखात्याने मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल या संशोधन केंद्रावर १९३४ पासून काम करून मुद्दाम एक लहान, पांढरी, छातीला भरलेली जात तयार केली. तिचं नावच बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट. म्हणजे सरकारने पाखरू घरातल्या भट्टीच्या मापाचं केलं! पुढे तुकडे करून विकण्याचा धंदा वाढला, मोठ्या जातींत नफा जास्त, म्हणून ही जात मागे पडली. भारतात ब्राँझ आणि पांढऱ्या मोठ्या जातींबरोबर तिचंही नाव घेतलं जातं. पाळणाऱ्याकडे गेलात तर विचारून बघा.

आता माप. आधी घरातली सगळ्यात अरुंद वस्तू शोधा. आमच्याकडे ती फ्रीज निघाली, तुमच्याकडे ड्रम असेल. पाखरू ज्या पातेल्यात पुरतं बसेल असं वाटतं, ते पातेलं जाळीवर उपडं ठेवा आणि झाकण लावून बघा. झाकण सहज लागून पातेल्याच्या वर आणि चारी बाजूंना चार-चार बोटं जागा राहिली पाहिजे, कारण शिजवणारा धूर नि ऊब त्या जागेतूनच फिरते. मग तेच पातेलं फ्रीजमध्ये ठेवून बघा. दोन्हीकडे बसलं, तेवढंच तुमचं पाखरू. माणसांचा हिशेब त्यानंतर.

घड्याळाचं मापही विसरू नका. ड्रममध्ये ११० ते १२० अंशांची ऊब कायम ठेवली तर सबंध टर्कीला किलोमागे तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. चार किलोला साडेचार तास, साडेआठ किलोला साडेनऊ. हे झाकण लागल्यावरचं गणित. जाणकार मंडळी घरच्या भट्टीत साडेपाच-सहा किलोंच्या वरचं सबंध पाखरू ठेवूच नका म्हणतात. आमच्यासारख्या कापलेल्या ड्रमला चार किलो पुरे. माणसं जास्त असतील तर पाखरू मोठं आणू नका, दोन आणा. दोन पाखरं शेजारी ठेवली तर वेळ एकाइतकाच लागतो, मध्ये हवा खेळायला जागा सोडली म्हणजे झालं.

माणशी किती? ताटात दुसरं काहीच नसेल तर साफ केलेल्या, हाडांसकट पाखराचा अर्धा किलो. पण आपल्याकडे बिर्याणी, दालचा, शीर यांच्याशिवाय दावत होते कुठं? तीनशे ग्रॅम खूप झाले. जिवंत पाखराच्या वजनातून साफ करताना पाव वजन जातं असं धरून चाला. म्हणजे साडेतीन किलोचं साफ पाखरू हवं तर साडेचार-पावणेपाच किलोचं जिवंत घ्या. हे वजन बहुधा मादीचं असतं. चांगल्या जातीची, चांगल्या खाद्यावरची मादी चार महिन्यांत साडेपाच किलोंपर्यंत जाते आणि नर सातच्या वर. नर ओळखायला चोचीवर लोंबणारा लांब मांसल तुरा आणि छातीवर केसांचा झुपका बघा. मिरवणाऱ्याला विकत घ्यायचं नाही, हा आमच्या घरातला आता कायमचा नियम.

खाटीकभाईंना आधीच सांगा की कातडी ठेवायची आहे, नाहीतर सवयीने ते पिसांसकट सोलून देतात आणि धुरावर मांस चामड्यासारखं होतं. पिसं काढायला गरम पाण्यात बुडवावं लागतं. रक्त पूर्ण वाहून गेल्यावरच, थोडा वेळ, आणि पाणी उकळतं नको. आतड्यांसकट उकळत्या पाण्यात ठेवणं उलमांनीही मना केलं आहे. मग पाठीचा कणा कापून काढायला सांगा आणि पाखरू पुस्तकासारखं उघडून घ्या. सपाट पाखरू झाकणाला टेकत नाही, मांडी आणि छाती बरोबर शिजतात, वेळही वाचतो. सबंध ताटात मांडण्याची ऐट तेवढी जाते. पोटात भात-किमा भरायचा मोह असेल तर धुरावर तो टाळा. तो भात गरम होईपर्यंत संध्याकाळ होते.

बर्फातली टर्की मोठ्या शहरांत मिळते. ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच सुटू द्यायची, दर दोन-अडीच किलोंना एक दिवस. आपल्याकडे लाइट जाते, म्हणून एक दिवस जास्तीचा धरू नका, उलट लहानच पाखरू घ्या.

यंदा दीर पुन्हा आले. आम्ही त्याच माणसाकडून दोन माद्या आणल्या, साफ करून एक साडेतीन किलोची, एक थोडी कमी. दोन्ही उघडून सपाट केल्या, किलोला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, लसूण, मिरे, धने आणि थोडं तूप लावलं. रात्री फ्रीजच्या दोन कप्प्यांत दोन थाळे, आणि दार लागलं. ड्रमही बदलला नव्हता, फक्त आधी दोन तास रिकामा तापवून घेतला. (ड्रम निवडताना एक सांगणं आहे. औषधांचा, रंगाचा किंवा जस्ताचा मुलामा असलेला ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नका, आणि ओसरीत, पडवीत, बंद जागी कधीच पेटवू नका. कोळशाचा वायू दिसत नाही, पण जीव घेतो.) खाली बाभळीचा कोळसा, वर आंब्याचे आणि पेरूच्या झाडाचे सुके तुकडे. पेरूवर पेरू, असा विनोद दिरांनी दिवसभर केला. धूर पातळ, निळसर असावा. पांढरा दाट धूर निघाला की मांस कडू होतं, तेव्हा हवेचं भोक थोडं मोठं करा.

सातला चढवलं आणि पावणेअकराला दोन्ही ७४ अंशांवर. थर्मामीटर मांडीत आणि छातीच्या जाड भागात खुपसायचा, हाडाला लागू द्यायचा नाही. काही शे रुपयांना मिळतो, तोच खरा. रंगावर जाऊ नका, कारण धुरावरचं मांस पुरतं शिजलं तरी कातडीखाली गुलाबी राहतं, आणि आमचा गेल्या वर्षीचा नर बाहेरून पुरता शिजलेलाच दिसत होता.

टर्की मिळत नाही त्या बहिणींनी हिरमुसू नये. सव्वा ते दीड किलोची, कातडीसकट साफ केलेली ब्रॉयलर कोंबडी याच ड्रममध्ये अडीच-तीन तासांत होते, आणि जाळीवर चार बसतात. गावरान कोंबडी मात्र नुसत्या धुरावर टाकू नका, ती चिवटच राहील. आधी यखनीत मऊ करून घ्या, मग तासभर धूर द्या. आणि धुंगाराचं म्हणाल तर वाटीतल्या निखाऱ्यावर तूप सोडून झाकण ठेवलं की वास लागतो, शिजत काही नाही. कच्ची कोंबडी त्यावर कुणी शिजवायला घेऊ नये, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

पाखरं उतरवून वीस मिनिटं झाकून ठेवली, आणि बारा वाजता अब्बांचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं. एक मांडी डब्यात घालून तांड्यातल्या काकूंकडे गेली. उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं, आणि हाडांची यखनी दुसऱ्या दिवशी पुलावात घातली. तो पुलाव कसा केला ते पुढच्या महिन्यात.